रॉक संगीत आणि कारखान्यांची गावे



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ज्ञानेश्वरी, शिवचरित्र, शेतीचे अर्थशास्त्र अशा विषयांच्या पंगतीला हे इलेक्ट्रिक गिटार कोठून येऊन बसले? शंका रास्त आहे. शिवाय मी गिटारवादक नव्हे. माझे आयुष्य जळलेल्या मोटारींचे वाइंडिंग करण्यात गेले. पण त्याच धंद्यामुळे हा विषय माझ्या दारात आला.

काही वर्षांपूर्वी शेजारचा एक मुलगा मुके झालेले गिटार घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, ह्याची कॉइल तुटली आहे, भराल का?” मी झाकण उघडले आणि पाहतच राहिलो. सहा तारांखाली सहा बारके चुंबक, आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे! पोलादाची तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि त्या वेढ्यांत क्षीणशी वीज उत्पन्न होते. ती वीज अँप्लिफायर वाढवितो आणि स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेले जे तत्त्व आमच्या जनित्रात आहे, तेच येथे गाते आहे. मी कॉइल भरून दिली. पण तेव्हापासून हे वाद्य कोणी घडविले, कोणत्या माणसांनी वाजविले, याचा नाद मला लागला, तो अजून सुटलेला नाही.

आपल्या मिरजेचे कारागीर सतारीला भोपळा लावतात, कारण नाद घुमायला पोकळी हवी. विद्युत्-गिटाराला पोकळीची गरज नाही. ते भरीव लाकडाचे असले तरी चालते, कारण त्याचा भोपळा म्हणजे तो अँप्लिफायर. असे पहिले खपाऊ वाद्य १९३०-३२च्या सुमारास अमेरिकेत झाले. गोंगाटात ऐकू जावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. चार्ली ख्रिश्चन या तरुणाने १९३९ साली बेनी गुडमनच्या जथ्यात शिरून, मागे बसून ठेका धरणारे गिटार पुढे आणले. १९४२ साली, अवघ्या पंचविशीत, तो गेला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यात राबणारा मडी वॉटर्स १९४३ साली शिकागोला आला. दिवसा कारखान्यात काम करी, ट्रक हाकी, आणि रात्री गुत्त्यात गाई. गावाकडे पारावर पुरणारे साधे गिटार या शहरी गलक्यात बुडून जाई, म्हणून त्याने विजेचे धरले. गाणे शेतातलेच राहिले, पण त्याला शहराचा दम आला. चक बेरीनेही तरुणपणी मोटारींच्या कारखान्यात जोडणीचे काम केले होते, आणि १९५५ साली त्याने पहिले नाव कमावले ते मोटारींच्या शर्यतीवरच्या गाण्याने. चाकणला ज्यांच्या हाताखालून रोज मोटारी जातात, त्यांना यात नवल वाटू नये. माणूस ज्या वस्तूंत जगतो, त्याच त्याच्या गाण्यात उतरतात. जात्यावरची ओवी आणि मोटेवरचे गाणे याहून वेगळे काय सांगतात?

आपण म्हणाल, हे सारे खरे, पण तो फाटलेला, कर्कश आवाज कशासाठी? अँप्लिफायरवर त्याच्या ताकदीबाहेर भार टाकला की आवाज फाटतो. आमच्या धंद्यात तो दोष. या लोकांनी त्या दोषाचाच अलंकार केला. जिमी हेंड्रिक्सने १९६९ साली वुडस्टॉकच्या मेळ्यात आपल्या देशाचे राष्ट्रगीत याच फाटक्या आवाजात वाजविले, आणि व्हिएतनामच्या लढाईचा आक्रोश अनेकांना त्यात ऐकू आला. आणि हे आपल्याला अगदीच परके नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून आपण जवारी लावतो, तेव्हा स्वच्छ नादात झणत्कारच मिसळतो ना? प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि प्रमाणाबद्दल भांडायला मीही तयार आहे.

आता एक प्रसंग जरा सावकाश सांगतो. इंग्लंडात बर्मिंगहॅम म्हणून गाव आहे. त्याला तिकडची भोसरी म्हणा. १९६५ साली तेथल्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा वेल्डिंगचे काम करीत होता. नोकरीचा तो त्याचा शेवटचा दिवस, कारण दुसरीकडे वादनाचे काम ठरले होते. प्रेस चालविणारी बाई त्या दिवशी आली नाही, म्हणून ह्याला प्रेसवर उभे केले. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे गेली. हा मुलगा डावखुरा. म्हणजे ज्या बोटांनी तार दाबावयाची, नेमकी तीच गेली. कारखान्याचा फोरमन त्याला भेटायला गेला तो एक ध्वनिमुद्रिका घेऊन. ती जँगो राइनहार्टची होती. १९२८ साली आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी होऊनही तो युरोपातला नामांकित गिटारवादक झाला होता.

आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, वर चामडे चिकटविले. जाड तारा दाबवेनात, म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढे तारा उतरवून सूर खाली आणला, की दाबायला सोपे जावे. त्यातून जो खर्जातला, घणासारखा नाद निघाला, त्याच्यावर त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या जथ्याची १९७० पासूनची तबके उभी राहिली, आणि ज्याला आज ‘हेवी मेटल’ म्हणतात त्या साऱ्या पंथाचा तो पाया ठरला.

आमच्या भजनी मंडळात एक मृदंग वाजविणारे गृहस्थ होते. एका शॉपमध्ये प्रेसवर त्यांची तीन बोटे गेली. आम्ही सारे मोसंबी घेऊन दवाखान्यात गेलो. मृदंगाचा विषय कोणी काढला नाही, त्यांना वाईट वाटेल म्हणून. नंतर ते भजनाला यायचे थांबले, आणि आम्ही त्यांच्या जागी दुसरा माणूस बसविला. आयोमीची हकीकत वाचली तेव्हा मला त्या फोरमनपुढे शरम वाटली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडे विद्युत्-गिटार प्रथम रुळले ते मांडीवर आडवे घेऊन वाजवावयाच्या हवाईयन रूपात, कारण त्यावर पोलादाची कांडी सरकवून मींड निघते. मुंबईत व्हॅन शिपले यांनी त्याच्यावर चित्रपटांच्या चाली वाजविल्या आणि त्या तबकड्या घरोघर गेल्या. मग सिनेमाच्या वाद्यवृंदात उभे गिटार आले. १९७१च्या ‘दम मारो दम’मधले गिटार भूपिंदर सिंग यांचे. तिकडे महाविद्यालयांतली मुले जथे करून इंग्रजी गाण्यांची नक्कल करीत होती. ‘सिमला’ सिगारेटच्या नावाने झालेल्या स्पर्धांतल्या जथ्यांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ साली निघाल्या. १९७२ साली ‘लेड झेपलिन’चा जिमी पेज मुंबईत आला आणि त्याने येथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी पुन्हा मुद्रित केली. पाहुणा आपल्याकडून शिकू पाहत होता, आणि आपली मुले मात्र पाहुण्याची नक्कल करीत होती!

ही नक्कल मोडायला वेळ लागला. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा जथा निघाला. त्याच्या गिटारवादकांत महेश तिनईकर आणि जयेश गांधी होते. १९८८ साली त्यांनी स्वतः रचलेल्या गाण्यांचे तबक काढले, आणि १९९३ साली नावही बदलून ‘इंडस क्रीड’ केले. १९८६ पासून भरू लागलेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ मेळ्याची मुंबईत मोठी जागा म्हणजे धोबी तलावचे रंगभवन. उघडे सभागृह, तरुणांच्या खिशाला परवडणारे. पण शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालयापासून शंभर मीटर हा शांतता विभाग ठरला, आणि पुढच्या काही वर्षांत रंगभवनातले हे कार्यक्रम बंद पडले. रुग्णाची झोप गाण्याहून मोठी, यात मला शंका नाही. परंतु एक जागा मिटली तेव्हा तिच्याऐवजी दुसरी द्यावी, हे कोणाला सुचले नाही, याचे दुःख आहे.

बंधुभगिनींनो, शिकागो काय, बर्मिंगहॅम काय, या संगीताला गावांनी मुद्दाम काही दिले नाही. कारखान्यातून दमून आलेल्या पोरांनी ते उसन्या खोल्यांत उभे केले. मुळा-पवनेच्या या दुआबात तांब्याची तार ओढणारे, कॉइल भरणारे, पत्रा कापणारे हात आपल्याजवळ हजारोंनी आहेत. शेजारी पिंपळे गुरवला निळू फुल्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे. पण संध्याकाळी सात ते नऊ दार लावून पोरांना बडवू द्यावे, अशी एक खोली सांगवीत मला अद्याप सापडली नाही. मांडवातला लाऊडस्पीकर आपण रात्री दहापर्यंत सोसतो. या मुलांसाठी भिंतींना जाड पडदे लावलेली एक खोली आपल्याला सोसणार नाही काय?

दुसरे मागणे आपल्यातल्या शॉपमालकांकडे आहे. प्रेसला गार्ड लावा आणि तो काढून काम करू देऊ नका. ती बोटे कोणाची, त्यांना संध्याकाळी काय वाजवावयाचे आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. आणि एवढे करूनही दुर्दैवाने कोणाची बोटे गेलीच, तर मोसंबी न्या, पण सोबत त्याचे वाद्यही न्या.

आमचे मृदंगवाले गृहस्थ आज येथे आले आहेत. उरलेल्या बोटांनी वाजवून पाहतो, असे ते परवा म्हणाले. आषाढीच्या भजनाला त्यांची जागा मोकळी ठेवली आहे.