तुला किती?

(१९९७ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘संगणक क्षेत्रातील संधी’. मी दहा मिनिटांची तयारी करूनही आले होते. पण सकाळी नाश्त्याच्या रांगेत माझ्यापुढे आपल्यापैकीच कुणाची तरी दोन मुलं उभी होती. दोघंही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होती. पोह्यांची बशी हातात येईपर्यंत एकानं दुसऱ्याला विचारलंच, “तुझा एसजीपीए किती?” “आठ पॉइंट दोन. तुझा?” “सात पॉइंट आठ.” ज्याचा सात पॉइंट आठ होता, तो मग बराच वेळ पोह्यांवर लिंबू पिळत राहिला.

म्हणून तो ‘संधी’चा विषय मी बाजूला ठेवते. त्या तुम्हाला इंटरनेटवर सापडतील. मी आज एका खोट्याबद्दल बोलणार आहे.

खाली व्हरांड्यात ‘शालान्त परीक्षेत प्रथम’ असा फळा आहे. आज येताना सगळ्यांनी पाहिला. १९९७ समोर माझं नाव आहे आणि पुढे गुण, ७५० पैकी ६५७. माझ्या जिवलग मैत्रिणीला ६५४ होते. तिचं नाव त्या फळ्यावर नाही, कारण एका वर्षाला एकच ओळ. ती आज इथे बसली आहे. मी हे सगळं सांगणार आहे याला तिची परवानगी आहे, पण “नाव घेतलंस तर उठून जाईन” असंही म्हणाली आहे. बॅचमधले जे आत्ता हसताहेत त्यांना नाव माहीतच आहे.

आम्ही दोघी आठवीपासून एका बाकावर. पेपर मिळाला की आधी बेरीज तपासायची आणि मग एकमेकींकडे वळून विचारायचं, “तुला किती?” यात भांडण कधी झालं नाही. दोन-चार मार्क मला जास्त असायचे, ती हसायची, आणि आम्ही घाटावर भेळ खायला जायचो. हे असंच असतं, असं दोघींनाही वाटायचं. निदान मला तरी.

बारावीनंतर तिला गणित घेऊन बीएस्सी करायचं होतं. फर्ग्युसनचा फॉर्मही आणला होता. ते वर्ष होतं १९९९. वायटूकेच्या कामामुळे ज्याच्या त्याच्या घरातलं कुणी ना कुणी अमेरिकेला निघालं होतं आणि वाईतसुद्धा ‘कंप्युटर’ हा एकच शब्द ऐकू येत होता. आमच्या वेळी इंजिनिअरिंगचा प्रवेश पीसीएमच्या बेरजेवर व्हायचा. मी कंप्युटर घेतलं. मी घेतलं म्हणून तिनंही घेतलं. तिचे वडील म्हणाले होते, “तिला जमतं तर तुला का नाही?” या वाक्याचं वजन तेव्हा मला कळलं नव्हतं. दोघींना पुण्यात एकाच कॉलेजात प्रवेश मिळाला आणि होस्टेलवर एकच खोली. आम्हाला वाटलं, स्वर्गच.

पहिलं वर्ष ड्रॉइंगच्या शीटमध्ये गेलं. ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना जीटी ठाऊक असेल, ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा लावायचा, खाली दुसऱ्याची शीट, वर आपला कोरा कागद, आणि रात्रभर गिरवायचं. आमच्या खोलीतली काच म्हणजे खिडकीचं निघालेलं तावदान होतं. सबमिशनच्या आदल्या रात्री त्यावर नंबर लागायचे. खाली असायची ती शीट बहुतेक वेळा तिची, आणि गिरवणाऱ्यांत मी. तरी टर्मवर्कमध्ये मला तिच्यापेक्षा एक मार्क जास्त! सगळा मजला हसला होता.

सेकंड इयरला एम-थ्री आला. लाप्लास, फुरिअर, व्हेक्टर कॅल्क्युलस. शाळेतलं गणित मला पाठांतरानं आलं होतं. ते तिथे संपलं. पेपर वाईट गेलाय हे मला हॉलमध्येच कळलं होतं, पण मी बाहेर येऊन “ठीक होता” म्हटलं.

निकाल लागला तो २००१ च्या सुरुवातीला. तेव्हा सगळ्यांच्या मार्कांचे छापील कागद ऑफिसबाहेरच्या भिंतीवर डकवायचे. तिथे झुंबड होती, म्हणून मी थेट खिडकीवरून मार्कशीट घेतली. एम-थ्री, १०० पैकी ३१. पासिंगला ४० लागतात.

मी होस्टेलच्या जिन्यात पोहोचले तर ती वरून खाली येत होती. “तुला किती?” तिनं विचारलं. मी उलट विचारलं, “तुला?” ती म्हणाली, “एम-थ्रीला ६१.” आणि माझ्या तोंडून निघालं, “६४.”

बघा, ४० म्हटलं असतं तरी चाललं असतं. काठावर पास झाले म्हटलं असतं तरी खोटं निभावलं असतं. पण मी ६४ म्हटलं. दहावीचा तोच तीन मार्कांचा फरक. माझं नाव त्या फळ्यावर होतं ना! फळ्यावरची मुलगी नापास होत नाही, आणि तिच्या बाकावरच्या मुलीपेक्षा कमी तर नाहीच नाही. ती एक क्षण थांबली, “छान” म्हणाली आणि खाली निघून गेली. त्या दिवशी आम्ही भेळ खायला गेलो नाही.

घरी रात्री एसटीडी बूथवरून फोन केला आणि ‘सगळे विषय सुटले’ असं सांगितलं. पुढचे चार-पाच महिने मी एक वेगळाच अभ्यास केला, कुणाला कळू न देण्याचा. बॅकलॉगचा फॉर्म ऑफिस बंद व्हायच्या वेळी भरला. पुस्तकाला दुसऱ्याच विषयाचं कव्हर घातलं. पेपरच्या दिवशी हडपसरच्या मावशीकडे जाते म्हणून सांगितलं.

त्याच काळात माझी मैत्रीण अचानक एम-थ्रीचे जुने पेपर सोडवायला लागली. म्हणाली, “माझ्या आत्तेभावाला हवेत. तो इंजिनिअरिंगलाच आहे, नाशिकला. मी सोडवून ठेवते, तू तपास. मला खात्री नाही.” रोज रात्री जेवण झालं की सात-आठ गणितं, स्वच्छ अक्षरात, प्रत्येक पायरी लिहिलेली, कुठला नियम का लावला ते शेजारी पेन्सिलनं. मी ती तपासायची. म्हणजे खरं तर त्यातून शिकायची. मनात म्हणायची, नशीबच माझं, हिला काही पत्ता नाही. एम-थ्री निघाला. ५८ पडले. ते मी कुणालाच सांगू शकले नाही, कारण सगळ्यांच्या लेखी तो सहा महिन्यांपूर्वीच निघाला होता.

फायनल इयरला इलेक्टिव्ह निवडायचे होते. निवडायचे म्हणजे काय, तर सीनिअर्सना विचारायचं, “स्कोअरिंग कुठला?” इमेज प्रोसेसिंग हा विषय होता. त्यात फुरिअर येतो म्हणून मी यादीतलं पुढचं वाचलंसुद्धा नाही. वर्षातल्या बहुतेक मुलांनी घेतला तो, ज्याच्या नोट्स तयार होत्या आणि ज्याचे प्रश्न फिरून फिरून तेच यायचे, तो विषय मी घेतला. तिनं इमेज प्रोसेसिंग घेतला. त्या वर्गात मोजकी मुलं होती. निकालात मला ६८, तिला ५१. पुन्हा मीच पुढे. बाहेर मंदी होती, २००१ नंतर कॅम्पसला कंपन्या येईनाशा झाल्या होत्या, आणि ज्या यायच्या त्या दारातच टक्के विचारायच्या. माझे टक्के बसले. तिचे एका कंपनीत थोडक्यात हुकले.

यात मी काही चोरलं नाही, हे मला माहीत आहे. तरी सांगते.

पुढे नोकऱ्या, लग्नं, गावं बदलली. ती सातारला गेली, डिप्लोमाच्या मुलांना शिकवायला लागली. मी आधी पुण्यात, मग बंगळूरला. पत्रं थांबली, मग फोन थांबले. भांडण नव्हतं. पण जिच्याशी आपण एकदा इतकं विनाकारण खोटं बोललो, तिच्यासमोर मोकळेपणानं बसता येत नाही, एवढं खरं.

२०११ साली आमच्याकडे एक काम आलं. कारखान्यातल्या मोटारींवर सेन्सर बसवायचे, त्यांच्या थरथरीच्या नोंदी घ्यायच्या आणि कुठलं बेअरिंग बिघडत चाललंय ते आधीच ओळखायचं. थरथरीचा सलग आलेख नुसता पाहून काही कळत नाही. त्यातल्या वेगवेगळ्या कंप्रता सुट्या कराव्या लागतात, म्हणजे बिघाडाची कंप्रता उठून दिसते. हे सुटं करण्याचं गणित म्हणजे फुरिअर. तिशी उलटलेली, घरात लहान मूल, आणि मी रात्री एम-थ्री पहिल्यापासून शिकत होते. तिच्या त्या पेन्सिलीच्या खुणा आठवत होत्या. तिला फोन करावासा वाटला. केला नाही.

या मेळाव्याच्या तयारीसाठी आपला व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि तिनंच मला फोन केला. इकडचं तिकडचं झालं आणि मी म्हटलं, “एक सांगायचंय. एम-थ्रीला मला ६४ नव्हते.” ती म्हणाली, “३१ होते. भिंतीवर माझ्या नंबरच्या खाली चारच नंबर सोडून तुझा होता. तुला विचारायच्या आधीच मी पाहिलं होतं.”

“मग विचारलंस कशाला?”

“तू सांगशील म्हणून. मग तू रडशील, मी समजूत घालीन, आणि भेळ खायला जाऊ, असं ठरवून खाली येत होते.”

मी विचारलं, “आणि तो आत्तेभाऊ?” तर ही हसायलाच लागली. “अगं, तो आर्ट्‌सला होता!”

इथवर गोष्ट छान आहे. पण ती पुढे जे म्हणाली, ते सांगितल्याशिवाय मला इथून खाली उतरता येणार नाही. ती म्हणाली, “भिंतीवर तुझे ३१ पाहिले तेव्हा वाईट वाटलंच. पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. आठवीपासून पहिल्यांदाच मी पुढे होते. जिना उतरेपर्यंत टिकलं ते. मग तू ६४ म्हणालीस आणि तेही घेतलंस.”

मी फोनवर काहीच बोलू शकले नाही. चोवीस वर्षं मला वाटत होतं, मी स्वतःची लाज झाकली. त्या तीन मार्कांचं बिल दुसऱ्याच्या नावावर गेलं होतं, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

आता त्या पोह्यांच्या रांगेतल्या मुलांकडे येते. संगणकवाली आहे, थोडा हिशेब मांडल्याशिवाय सोडणार नाही. तुमच्या दहाच्या श्रेणीत ओ म्हणजे १०, ए प्लस म्हणजे ९, ए म्हणजे ८, बी प्लस म्हणजे ७. प्रत्येक विषयाच्या श्रेणीला त्याच्या क्रेडिटनं गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटनं भागायचं. झाला एसजीपीए. समजा सेमिस्टर २० क्रेडिटचं आहे. १६ क्रेडिटमध्ये दोघांनाही सगळीकडे ८, म्हणजे १२८ झाले. उरला ४ क्रेडिटचा एक इलेक्टिव्ह. एकानं सोपा घेतला, ९ मिळाले, ३६ मिळवा, १६४ भागिले २०, आठ पॉइंट दोन. दुसऱ्यानं अवघड घेतला, ७ मिळाले, २८ मिळवा, १५६ भागिले २०, सात पॉइंट आठ. पूर्ण सेमिस्टरभर दोघं अगदी बरोबरीनं चाललेत. फरक आहे तो एका विषयाच्या निवडीचा, आणि तो आकड्यात दिसत नाही.

त्या आठ पॉइंट दोनवाल्यानं सोपा विषय घेतला असं मी म्हणत नाही हं. त्याला उगाच रागावू नका. मला ते माहीतच नाही, आणि रांगेतल्या दुसऱ्या मुलालाही माहीत नव्हतं. त्यानं विचारलंच नाही. मी गेली काही वर्षं नव्या मुलांच्या मुलाखती घेते. कंपनीनं घातलेली आकड्याची चाळणी मला बदलता येत नाही, तिच्यात अडकलेली मुलं माझ्यापर्यंत येतच नाहीत, हे मला बोचतं. पण समोर आलेल्याला मी विचारते की इलेक्टिव्ह कुठला घेतलास आणि का. “स्कोअरिंग होता” हे उत्तर मी ओळखते. माझंच आहे ते.

सकाळी त्या लिंबू पिळणाऱ्या मुलालाही मी तेच विचारलं. म्हणाला, “क्रिप्टोग्राफी. सर फार कडक आहेत, सगळे पळतात.” आणि मग पोहे गार होईपर्यंत तो मला मूळ संख्यांबद्दल सांगत होता. त्याच्या आई-वडिलांपैकी कुणी इथे असेल तर मला जरूर भेटा.

माझ्या दोन्ही मार्कशीट मी आज सोबत आणल्यात, ३१ ची आणि ५८ ची. ३१ ची आजवर घरातही कुणी पाहिली नव्हती. माझ्या मुलीनं पाहिली ती परवा. बराच वेळ हातात धरून होती आणि मग म्हणाली, “आजोबांना माहीत होतं?” आजोबा आता नाहीत. त्यांना कधीच कळलं नाही.

जेवायला अजून अर्धा तास आहे असं संयोजक खुणावताहेत. माझ्याकडे एका भेळेची उधारी आहे, २००१ पासूनची. घाटावर गाडी लागते का, याची चौकशी मी सकाळीच केली आहे. तेव्हा मैत्रिणीला घेऊन मी जरा जाऊन येते. आमच्यासाठी पंगत थांबवू नका.