प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता



तुमच्यापैकी कोणी उद्या तापमान मोजणारे किंवा पंप चालविणारे छोटे यंत्र बनवून नेटवर्कला जोडील. इथरनेटवरील अशा प्रत्येक यंत्राला 48 बिटांचा मॅक पत्ता लागतो. त्यातले पहिले 24 बिट आयईईई ही संस्था शुल्क घेऊन उत्पादकाला नेमून देते. उरलेले 24 उत्पादक स्वतः भरतो. असे 1,67,77,216 पत्ते होतात. लहान उत्पादकाला 4,096 पत्त्यांचा गटही मिळतो.

पुष्कळजण नमुन्याच्या प्रोग्रॅममधला पत्ता तसाच उतरवून घेतात. एक यंत्र बिनतक्रार चालते. तोच पत्ता घातलेले दुसरे यंत्र त्याच नेटवर्कवर आले की एकाचा निरोप दुसऱ्याकडे जाऊ लागतो, आणि आपण मात्र दोष तारांत शोधत बसतो.

उपाय अवघड नाही. विक्रीचा माल असेल तर आधीच पत्ता भरलेली मेमरी चिप विकत मिळते. प्रयोगापुरता 02 ने सुरू होणारा स्थानिक पत्ता घ्या, प्रत्येक यंत्राला वेगळा द्या आणि वहीत नोंद ठेवा.

पालकहो, मुलाने यंत्र चालवून दाखविले की शाबासकी अवश्य द्या, पण “हा पत्ता कुठून आणलास?” हेही विचारा.