पदपथावरची रात्र आणि समाजाची उदासीनता



डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीत कडाक्याची थंडी पडू लागली की वृत्तपत्रांतून दरवर्षी एकाच साच्याची बातमी येते : थंडीने अमुक जणांचा बळी घेतला. या वाक्याचा कर्ता थंडी आहे. तेथील किमान तापमान जानेवारीत चार अंशांपर्यंत उतरते, हे खरे. परंतु त्याच रात्री, त्याच शहरात लक्षावधी माणसे आपापल्या घरांत सुखरूप झोपलेली असतात. तेव्हा या मृत्यूंचे कारण हवामानात शोधण्याऐवजी निवाऱ्याच्या वाटपात शोधले पाहिजे. निसर्गावर दोष ढकलला की कोणालाच जाब विचारावा लागत नाही, आणि समाजाच्या उदासीनतेची सुरुवात नेमकी येथेच होते.

हे बेघर लोक कोण आहेत? २००१ च्या जनगणनेत देशातील बेघरांची संख्या १९.४३ लाख होती. २०११ मध्ये ती १७.७३ लाखांवर आली. मात्र याच दशकात शहरी बेघर ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेले. खेड्यांतील आकडा घटला आणि शहरांतील वाढला. दिल्लीत त्या वेळी ४६,७२४ बेघर नोंदले गेले. पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर झोपणाऱ्यांची ही एका रात्रीत केलेली मोजणी. तिच्यातून किती जण निसटले असतील, याची कल्पना करणे अवघड नाही.

हे सारे भिकारी आहेत, हा सुखवस्तू वर्गाचा आवडता समज. प्रत्यक्षात यांतील बहुसंख्य लोक श्रमिक आहेत. जुन्या दिल्लीच्या बाजारपेठांत ते हातगाडी ओढतात, पोती वाहतात, सायकलरिक्षा चालवतात. हिवाळा हा तिकडे लग्नसराईचा काळ. मांडवात ताटे उचलणारा आणि भांडी घासणारा मजूर मध्यरात्रीनंतर पदपथावर येऊन झोपतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर मजुरीत श्रमिकाच्या निवाऱ्याचा खर्च धरलेला असावयास हवा. तो खर्च मालक देत नाही, नगरपालिका देत नाही; श्रमिक तो आपल्या शरीराने भरतो. शहराला मिळणाऱ्या स्वस्त श्रमाची ही दडवलेली किंमत आहे.

पदपथावरची झोपही फुकट नसते. जामा मशिदीच्या परिसरात गोधड्या-रजया आणि खाटा रात्रीच्या भाड्याने देण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालत आला आहे. ज्याच्याजवळ कमी पैसा, त्यालाच ऊब रोजच्या रोज विकत घ्यावी लागते. स्वतःची रजई घ्यावी, तर दिवसा कामावर जाताना ती ठेवायची कोठे?

शासनाचे वर्तन काय राहिले? राष्ट्रकुल स्पर्धांची तयारी चालू असताना, डिसेंबर २००९ मध्ये, पुसा रोडवरील तात्पुरता रात्रनिवारा दिल्ली महापालिकेने ऐन थंडीत पाडला. उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पुढे अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा निवारा असावा, असा दंडक घातला. म्हणजे लोकप्रतिनिधींनी करावयाचे काम न्यायालयाला करावे लागले.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचेही नाते आहे. १९८१ साली मुंबईतील पदपथवासीयांना हुसकावण्याची मोहीम निघाली. त्यातून उद्भवलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. दुसरा धागा लज्जास्पद आहे. मुंबई राज्याने १९५९ साली केलेला भिक्षाप्रतिबंधक कायदा दिल्लीलाही लावण्यात आला. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हीसुद्धा त्यात भीकच ठरवलेली होती. या कायद्याच्या प्रमुख दंडात्मक तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द व्हायला ऑगस्ट २०१८ उजाडावा लागला.

घोंगडी वाटणाऱ्या सज्जनांची चेष्टा करण्याचे कारण नाही. त्या घोंगडीने एखाद्याची रात्र निभावते. परंतु वाटप संपले की दात्याचे मन शांत होते, आणि प्रश्न पुढल्या डिसेंबरपर्यंत विसरला जातो. उन्हाळ्यात आणि पावसात हीच माणसे त्याच जागी असतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या शहरात साध्या गोष्टींपासून आरंभ करावा. रात्री हिंडून बेघरांची स्वतः मोजणी करावी. एक लाखामागे एक निवारा आहे काय, हे महापालिकेला विचारावे. तो कामाच्या जागेजवळ आहे काय, तेथे हातगाडी ठेवता येते काय, स्त्रियांना आणि कुटुंबांना वेगळी जागा आहे काय, ओळखपत्रावाचून प्रवेश मिळतो काय, हे जाऊन पाहावे. नुसत्या रात्रनिवाऱ्यावर न थांबता, मजुराला परवडेल अशा भाड्याच्या खोल्यांची मागणी लावून धरावी. आणि बेघरांना हमाल, रिक्षावाले, मांडवातील मजूर म्हणून संघटनेत आणावे. श्रमिक म्हणून त्यांची नोंद झाली, मतदार म्हणून त्यांचे नाव लागले, की त्यांच्या मृत्यूचा हिशेब थंडीच्या नावावर टाकणे राज्यकर्त्यांना इतके सोपे राहणार नाही.