ग्रंथसूचीतील देवनागरी अक्षर आणि संगणक

(शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयातील एखादे जुने मराठी पुस्तक संगणकाच्या पडद्यावर उघडले, की वाचकाच्या दृष्टीस प्रथम शीर्षकपृष्ठ पडत नाही. आरंभी ‘युनिव्हर्सल लायब्ररी’ असे शब्द व ‘ओयू’ने सुरू होणारा एक क्रमांक येतो. मागोमाग ग्रंथालयाची जुनी चिठ्ठी येते. वर्गांक, दाखल अंक, लेखक, शीर्षक अशी इंग्रजीत छापलेली घरे, आणि खाली शेवटच्या तारखेपर्यंत पुस्तक परत करण्याची सूचना. हे सारे ओलांडल्यावर मराठी अक्षर दिसते. तेथवर पोहोचण्यासाठी वाचकाला ते पुस्तक मुळात सापडले पाहिजे, आणि खरी अडचण तेथेच आहे.

हैदराबादेत मराठी ग्रंथ का साठले, हे येथील सभासदांना सांगावयास नको. १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे जिल्हे या राजधानीशी जोडलेले होते. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्रा. राज रेड्डी यांच्या प्रेरणेने लक्षावधी ग्रंथांच्या संगणकीय प्रती करण्याचा जो उपक्रम या शतकाच्या आरंभी सुरू झाला, त्यात बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि हैदराबादची आयआयआयटी यांचा मोठा वाटा होता. त्यातूनच ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. पुढे तिचे संकेतस्थळ बंद पडले. मात्र पुष्कळ ग्रंथांच्या प्रती ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर जतन झाल्या. पानांच्या प्रतिमा शाबूत राहिल्या आणि त्यांबरोबर त्यांच्या नोंदीही, जशा होत्या तशाच, पुढे गेल्या.

या नोंदी रोमन लिपीत आहेत. काही एका ठरावीक लिप्यंतर-पद्धतीने केलेल्या आहेत. तीत साधा ‘टी’ म्हणजे ‘त’, आणि ‘टी’पुढे वर एक स्वल्पचिन्ह, ज्याला इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी म्हणतात, ते दिले की ‘ट’. ‘एन’पुढे तेच चिन्ह आले की अनुस्वार. दीर्घ ‘आ’साठी दोनदा ‘ए’. प्रथमदर्शनी हा प्रकार ओबडधोबड वाटतो. पण ज्याने तो नियमाने पाळला त्याच्या नोंदीतून मूळ देवनागरी रूप परत काढता येते. दहा-वीस ओळींची आज्ञावली शेकडो शीर्षके क्षणात पूर्ववत करते. (इंग्रजीत लिपीलाही ‘स्क्रिप्ट’ म्हणतात आणि अशा छोट्या आज्ञावलीलाही, या कामात दोन्ही अर्थ एकाच मेजावर येतात.) मात्र याच नोंदी जर कोणी नेटकेपणाच्या हौसेने आधीच ‘स्वच्छ’ केल्या, विरामचिन्हे म्हणजे केर असे समजून ती सारी चिन्हे पुसली, तर ‘पाटील’ ‘पातील’ होतात. त्यानंतर कोणत्याही आज्ञावलीला मूळ अक्षर परत आणता येत नाही, कारण ते ज्या खुणेत होते ती खूणच उरलेली नसते.

दुसऱ्या प्रकारच्या नोंदी याहून अवघड. त्यांत कोणतीही पद्धत नाही. लिहिणाऱ्याच्या कानाला जे आले ते रोमनमध्ये उतरले. के, ए, एल, ई या चार अक्षरांतून ‘काळे’ हे आडनाव निघते, ‘काले’ निघते, ‘कळे’ हे क्रियापद निघते आणि ‘कले’ही निघते. संगणक फार तर चारही रूपे समोर मांडील. आज्ञावलीने शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीशी पडताळा घ्यावा, हा मार्ग उत्तम आहे. १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांचा असा दुसरा आधार नाही. पण दात्यांच्या सूचीतही एकाच आडनावाचे अनेक लेखक असतात. तेथे शीर्षकपृष्ठ उघडून पाहणे भाग पडते. काही नोंदींत तर लेखकाच्या घरात ‘उपलब्ध नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आहेत, आणि लेखकाचे नाव शीर्षकपृष्ठावर ठसठशीत छापलेले आहे!

नोंद देवनागरीत आली म्हणजे काम संपले, असेही नाही. ग्रंथालयीन नोंदींची देवघेव ज्या साच्यात होते तो साचा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० नंतरच्या दशकात घडला. प्रत्येक नोंदीच्या आरंभी चोवीस स्थानांची शीर्षपट्टी असते. तिच्यामागून एक लहानसा नकाशा येतो: कोणते क्षेत्र कोठे सुरू होते आणि किती लांब आहे. ही लांबी ‘बाइट’ या मापाने मोजतात. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते. युनिकोडच्या प्रचलित रूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘ग्रंथ’ हा शब्द वाचकाला दोन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या लेखी त्यात ग, हलन्त, र, अनुस्वार व थ अशी पाच चिन्हे आहेत, म्हणजे पंधरा बाइट. आज्ञावली लिहिणाऱ्याने पंधराऐवजी पाच मोजले, की पुढच्या प्रत्येक क्षेत्राची सुरुवात चुकते. प्रकाशकाच्या जागी शीर्षकाचे शेपूट येते आणि एखादे अक्षर मधोमध तुटून त्याच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. इंग्रजी ग्रंथांवर वर्षानुवर्षे बिनचूक चाललेली आज्ञावली पहिल्याच मराठी नोंदीवर अडखळते ती यामुळे.

काही अक्षरे डोळ्यांना एकच आणि संगणकाला दोन असतात. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, तत्पूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवीत, आणि आजही अनेकजण तसेच करतात. ‘दऱ्या’मधील अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो. अशा वेळी शोधणाऱ्याने एका रीतीने शब्द लिहिला आणि नोंद दुसऱ्या रीतीने असली, तर पुस्तक कपाटात असूनही ‘नाही’ असे उत्तर मिळते. उर्दू नोंदींत ‘ये’ आणि ‘काफ’ यांची अरबी व फारसी रूपे अशीच घोटाळा करतात. हैदराबादच्या जुन्या संग्रहात तो प्रश्न टळणारा नाही.

जुने शुद्धलेखन ही याचीच दुसरी बाजू. १९६२ च्या नियमांपूर्वीच्या शीर्षकांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘भाषेचें’ अशी रूपे सर्रास आहेत. शोध घेताना अनुस्वाराकडे दुर्लक्ष करण्याची सोय आज्ञावलीत अवश्य असावी. पण ती सोय शोधापुरतीच. सरसकट अनुस्वार गाळले तर ‘वंश’ आणि ‘वश’, ‘रंग’ आणि ‘रग’ एक होतील. छापलेल्या शीर्षकाला आजच्या नियमांनी ‘सुधारण्याचा’ अधिकार सूचीकाराला नाही.

नावांच्या बाबतीत हैदराबादची परीक्षा अधिक कठीण. मराठी सूचीत आडनाव पुढे घेतात, म्हणून शेवटचा शब्द उचलून आरंभी ठेवावा, असा सोपा नियम आज्ञावलीला शिकविला जातो. शेजारच्या तेलुगू कपाटात हाच नियम लावला, तर ज्ञानपीठविजेते विश्वनाथ सत्यनारायण हे ‘सत्यनारायण, विश्वनाथ’ होतात. तेलुगूत घराण्याचे नाव आधीच पुढे असते. ‘विश्वनाथ’ हेच त्यांचे घराणे. मराठीतही नियम निर्धास्त नाही. हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेतून पुढे आलेले इतिहासकार सेतु माधवराव पगडी यांच्या नावातील ‘माधवराव’ हे वडिलांचे नाव आहे असे आज्ञावली मानते. वस्तुतः तो त्यांच्या स्वतःच्याच नावाचा भाग आहे. कोठे ‘सेतुमाधवराव’ असे जोडून, कोठे तोडून, कोठे नुसती आद्याक्षरे, अशी एका लेखकाची तीन माणसे होतात आणि त्यांचे ग्रंथ तीन ठिकाणी विखुरतात.

सनांचेही तसेच. फसली १३३२ असे लिहिलेले असल्यास तो आकडा यंत्राला लगेच खटकतो, कारण त्या इसवी सनात मराठी मुद्रण नव्हते. ५९० मिळवून १९२२-२३ ठरविता येते. शके १८४५ मात्र खटकत नाही. १८४५ साली मराठी पुस्तके छापली जातच होती! ‘शके’ हा शब्द नोंदीतून गळला, की १९२३ चे पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षे जुने होऊन बसते, आणि दुर्मिळ म्हणून त्याचा गौरवही होतो.

वर्णक्रमाचा उल्लेख ओझरता पुरे. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, मराठी कोशांत तो ‘ह’नंतर येतो आणि त्यामागून ‘क्ष’ व ‘ज्ञ’. हा क्रम आज्ञावलीला वेगळा सांगावा लागतो.

यातून कामाची रीत ठरते. प्रत्येक पुस्तकासाठी तीन घरे ठेवावीत: पहिल्यात मूळ नोंद, तिच्या सर्व चिन्हांसह व चुकांसह, दुसऱ्यात आज्ञावलीने सुचविलेले देवनागरी रूप, तिसऱ्यात शीर्षकपृष्ठ पाहून माणसाने कायम केलेले रूप. पहिल्या घराला कोणीही हात लावू नये. दुसरे घर संगणक एका दिवसात भरील. तिसऱ्याला वेळ लागेल. त्यासाठी जुना टाइप वाचू शकणारे, लेखकांची घराणी व टोपणनावे ठाऊक असणारे, मोडी सही ओळखणारे सभासद लागतात, आणि असे सभासद बहुधा वयाने थोर आहेत. संगणक चालविणाऱ्या तरुणाने आठवड्यातून दोन दुपारी त्यांच्याशेजारी बसावे. ज्येष्ठांनी शीर्षकपृष्ठ मोठ्याने वाचावे, तरुणाने टंकित करावे, मग दोघांनी अक्षर अक्षर ताडून पाहावे. जे ठरत नाही त्याचे तिसरे घर त्या दिवशी कोरेच ठेवावे आणि पुढच्या बैठकीत तेथूनच आरंभ करावा.