रोजचे रोज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या सेक्रेटरीबाईंचे घर आमच्या समोरच आहे. गेल्या महिन्यात त्या मला म्हणाल्या, "पहाटे नळ यायच्या आधी तुमच्या स्वयंपाकघरात दिवा दिसतो आणि पुटपुटल्याचा आवाज येतो. काय वाचता ते एकदा मंडळात सांगा." मी शेजारधर्माने हो म्हटले आणि घरी येऊन घाबरले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषण असे मी आजवर केलेले नाही. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

आम्ही ख्रिस्ती. आमचा ग्रंथ म्हणजे पवित्र शास्त्र, ज्याला सर्व जण बायबल म्हणतात. नेमाने वाचल्याने देवाची जवळीक कशी वाढते, असा विषय मला दिला आहे. मी देवाजवळ पोचले, असे सांगायला मी उभी नाही. वाचता वाचता माझ्या घरात काय घडले, तेवढेच सांगते.

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी स्वयंपाक झाला की ती मला वाचायला बसवी आणि स्वतः तांदूळ निवडीत ऐके. मी झोपेच्या तारेत दोनदोन ओळी गाळत असे आणि ती लगेच म्हणे, "हे मधलं कुठं गेलं?" तिला सारे ऐकून पाठ होते. लग्न होऊन भंडाऱ्याला आले आणि ते वाचन सुटले. पुस्तक कपाटात कापडात बांधलेले, रविवारी देवळात जाताना तेवढे हातात. पाळकसाहेबांचे प्रवचन ऐकले, घरी आले, रस्सा चढवला, की झाले. अशी वीस वर्षे गेली. पुढे सासूबाई वारल्या आणि त्यांचे मोठ्या अक्षरांचे शास्त्र माझ्याकडे आले. पाने उलटू लागले तर पुष्कळ ठिकाणी हळदीच्या बोटांचे डाग. म्हणजे ही बाई फोडणी देता देता वाचत होती! मला लाज वाटली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी वाचायला बसले.

जुन्या करारात एक गोष्ट आहे. इस्राएल लोक रानात चाळीस वर्षे फिरत होते, तेव्हा देव त्यांना पहाटे मान्ना नावाचे अन्न देई. ज्याने त्याने त्या दिवसापुरते वेचावे. उद्याची सोय म्हणून कोणी ठेवले, तर सकाळी त्यात किडे पडत. फक्त शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट वेचायची मोकळीक होती. आपण बायकांना हे समजावून सांगायला नको. रविवारच्या प्रवचनावर आठवडा काढणे म्हणजे रविवारचा भात शनिवारपर्यंत पुरवणे.

पण खरे सांगते, सुरुवातीला मला फार कंटाळा आला. नवा करार उघडला की पहिले पुस्तक मत्तयाचे आणि त्यात पहिल्याच पानावर अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, अशी नावांची माळ. मी दोनदा ती सोडून पुढे गेले. तिसऱ्यांदा आईची आठवण झाली, "हे मधलं कुठं गेलं?" म्हणून मोठ्याने एकेक नाव वाचले. तेव्हा दिसले की त्या साऱ्या पुरुषांच्या रांगेत तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको आणि शेवटी मरीया अशा पाच बाया उभ्या आहेत. त्यांतली रूथ तर आपल्यातलीच. नवरा वारला, तरी म्हाताऱ्या सासूला सोडून माहेरी गेली नाही. परक्या गावी जाऊन सातूच्या शेतात सरवा वेचून सासूचे पोट भरले. धान कापल्यावर आपल्या बांधीतून लोंब्या वेचणाऱ्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. काहींनी वेचल्याही असतील. त्या रूथच्या वंशात येशू ख्रिस्त जन्मला, हे मी लहानपणापासून ऐकत होते. पण वाचले असे त्या दिवशीच.

मत्तयाच्या पाचव्यापासून सातव्यापर्यंत तीन अध्याय आहेत. त्यांना डोंगरावरील प्रवचन म्हणतात. त्यांची एक गोष्ट आपल्या जिल्ह्यावरून गेलेली आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक, म्हणजे पुढे रेव्हरंड टिळक म्हणून प्रसिद्ध झालेले कवी, नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. कामाच्या शोधात होते. ती गाडी वरठी, तुमसर रोड, गोंदिया अशीच जाणार. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर दोघांच्या गप्पा झाल्या आणि उतरायच्या आधी त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांना दिली. मनापासून वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असेही म्हणाला. टिळकांना ते पुस्तक प्रथम काही आवडले नाही. पण वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून वाचू लागले आणि या तीन अध्यायांपाशी जे थांबले, ते तिथून हलेनात. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. मी वरठीला गाडीची वाट पाहत उभी असले की मला हटकून तो डबा आठवतो.

हे मी धर्म बदलण्याची गोष्ट म्हणून सांगत नाही. आपले मंडळ सर्वांचे आहे. आणि स्वतः टिळकही आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. शिवाय मला अधिक कळवळा येतो तो त्यांच्या पत्नीचा, लक्ष्मीबाईंचा. नवऱ्याला देव सापडला आणि हिचा संसार मोडला. जवळजवळ पाच वर्षे त्यांनी वेगळी काढली. देवाची जवळीक म्हणजे गोडगोड, असे जे म्हणतात, त्यांनी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. शाळेची पायरी न चढलेली ही बाई. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट ठेवले होते, ते त्यांच्यामागे हिने पुरे केले.

आणि पंडिता रमाबाईंना कसे विसरू? केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो निराधार बायका त्यांनी सांभाळल्या. तेवढे काम अंगावर असताना उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सारे बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, पाने छापणाऱ्या तिथल्याच मुली आणि बायका होत्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या आणि १९२४ साली ते भाषांतर छापून निघाले. आमच्यासारख्या सातवीवाल्यांसाठी कोणीतरी एवढे कष्ट केले, आणि आम्ही ते कापडात बांधून ठेवतो.

आता माझी गोष्ट. सांगू की नको, असे पुष्कळ वाटले.

सासूबाई शेवटचे नऊ महिने माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे तुमसरला होत्या. सारे हगणेमुतणे जाऊबाईंनी काढले. मी आठवड्यातून एकदा जाऊन यायची. मूठमाती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंचे शास्त्र आणि त्यांचा पितळी गुंड, भंडाऱ्याचाच जुना जड गुंड, कोणाला न विचारता पिशवीत घालून आणला. त्यावर जाऊबाई चार लोकांत बोलल्या. मीही बोलले. मग सहा वर्षे बोलणे बंद. त्या मला काय काय बोलल्या, हे मी शब्दाशब्दाने ध्यानात ठेवले होते.

मी रोज एकच उतारा वाचते आणि शंभर पानी वहीत तो माझ्या शब्दांत दोन ओळी लिहिते. लिहिल्याशिवाय मला कळत नाही. एका पहाटे डोंगरावरील प्रवचनातला तो भाग आला. तू वेदीशी अर्पण घेऊन गेलास आणि भावाची आठवण झाली, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, अशा अर्थाचा. कितीदा ऐकला होता! मी वहीत लिहिले, 'भावाविषयी आपल्या मनात काही असेल तर.' पुन्हा पुस्तकाशी ताडून पाहिले, तर तिथे उलटे होते. भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर, असे होते. मी सहा वर्षे माझ्या मनात काय आहे तेच मोजत होते. त्यांच्या मनात काय असेल, हे मला एकदाही सुचले नव्हते. नऊ महिने त्यांनी केले आणि गुंड मी उचलला. मी ओळ खोडली, पण पुढे हात चालेना. नळ येऊन गेला, तरी मी बसूनच होते.

लगेच गेले असे समजू नका. तीन आठवडे मी तो भाग सोडून मार्क वाचत होते. मग एका मंगळवारी घरातल्यांना सांगून गुंड पिशवीत घातला आणि तुमसरच्या बसमध्ये बसले. जाऊबाई ओसरीवर होत्या. मी म्हटले, "बाई, हा तुमचा होता. मी विचारायला हवं होतं." त्या बराच वेळ गुंडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेव तिथं. चहा घेऊन जा, बस साडेचारची आहे." एवढेच. गळ्यात पडणे वगैरे झाले नाही. परत येताना बसमध्ये मला रागच आला, की एवढे करून काय मिळाले! पण रात्री प्रार्थनेला बसले, तेव्हा सहा वर्षांत प्रथमच देवापासून काही लपवायचे नव्हते.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. गुडघा, रोवणी, नातवंडे एवढेच बोलतो. गुंडाचा विषय दोघीही काढत नाही.

सेक्रेटरीबाई घड्याळ दाखवीत आहेत. तेव्हा एकच सांगते. पुढच्या गुरुवारपासून दुपारी तीन वाजता मी माझ्या ओसरीवर रूथचे पुस्तक मोठ्याने वाचणार आहे. चारच अध्याय आहेत, चार गुरुवार पुरतील. ज्यांना ऐकायचे त्यांनी यावे. कोणाला आपली पोथी आणून वाचून दाखवायची असेल, तर तीही आणावी. निवडायचे तांदूळ बरोबर आणले तरी चालतील.