वैनगंगेकाठी स्वागत



बालाघाटात आपलं स्वागत आहे. कोणी गोंदियाहून गाडीने आलात, कोणी बैहरच्या घाटातून धक्के खात उतरलात. १९५६ पर्यंत हा जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते. राज्याच्या सीमा बदलल्या, तरी आमच्या प्रार्थनेतली मराठी अजून नागपूरकडेच कान देऊन असते.

आपल्या मेळाव्याचा विषय आहे ‘पाचारण आणि नम्रता’. हा विषय निघाला की मला शेजारचं राजनांदगाव आठवतं. १८९३ मध्ये तिकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.  त्या प्रवाशाच्या वाट्याला एका प्रवासापुरतीच सेवा आली होती. ती करून तो उतरून गेला. आपल्यापैकी किती जण असे उतरून जाऊ? आपण तर निदान पत्ता देऊन ठेवू, आणि जमलं तर फोटोही!

टिळकांनी पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. १९१७ मध्ये, वय आणि प्रकृती विश्रांती मागत असताना, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दोन वर्षांच्या आतच ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं ख्रिस्तावरचं काव्य अर्धवट राहिलं. ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांचं शाळेतलं शिक्षण जवळजवळ नव्हतंच. दुसऱ्याने आरंभलेलं काम हाती घ्यायचं आणि त्यावरचं त्याचं नाव पुसायचं नाही, हे मला दरबार उभारण्याहून अवघड वाटतं. व्यासपीठावर सहसा दरबाराचंच कौतुक होतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

दुसरं नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचं. १८४५ मध्ये ते नागपूरला आले. शिकवायला आलेला हा माणूस गोंडांपुढे शिकाऊ झाला. गोंडांच्या एका परधान भाटाच्या तोंडून त्यांच्या पुराणपुरुष लिंगोचं गीत हिस्लॉप यांनी उतरवून घेतलं. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांची टिपणं १८६६ मध्ये मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी छापली. स्वतःचं पुस्तक हिस्लॉप यांनी पाहिलंच नाही.

स्वागताध्यक्षाचं पाचारण मात्र सोपं आहे. पाणी, पंगत, अंथरूण-पांघरूण पाहायचं आणि माइक लवकर सोडायचा. काही उणं राहिलं तर आमच्या तरुण संघाला हक्काने सांगा.

एक बदल मात्र केला आहे. दुपारच्या सत्रात नागपूरचे वक्ते आधी बोलणार नाहीत. बैहर-बिरसाकडच्या गावांतून सेवा करणारे सुवार्तिक पहिल्यांदा बोलतील. त्यांच्या बोलण्यात गोंडी आली आणि समजली नाही, तर शेजारी बसलेल्या बहिणीला विचारा. ती सांगेल.