अज्ञान मुलाचे नाव

सुरतेच्या कतारगाम भागात हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांची दाटी आहे. खानदेशातून पोटामागे आलेले एक मराठी कुटुंब तेथे राहते, असे समजू या. मूल झाले, महापालिकेच्या दप्तरी नोंद झाली. घाईत बापाच्या नावाला गुजराती रीतीने ‘भाई’ जोडले गेले. बारशाला आत्याने ठेवलेले नाव तर निराळेच. मूल शाळेत घालीपर्यंत याची कोणास फिकीर नसते.

चूक सुधारणे आणि नाव बदलणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. लोक त्या एक समजतात आणि हेलपाटे घालतात. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात नावाशिवायही जन्म नोंदता येतो. नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनामूल्य घालता येते. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क पडते. एकदा लिहिलेली नोंद चुकीची ठरल्यास निबंधक ती पंधराव्या कलमान्वये दुरुस्त करतो. मात्र मूळ अक्षरे खोडीत नाही, समासात शेरा लिहून सही व तारीख घालतो. नावच बदलणे झाल्यास पालकाचे प्रतिज्ञापत्र लागते, राजपत्रात प्रसिद्धी करावी लागते. ही प्रसिद्धी म्हणजे जन्मनोंदीची दुरुस्ती नव्हे, हे ध्यानी असावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच दाखवावा लागतो.

आडनावाचा प्रश्न अधिक नाजूक. पतीच्या मृत्यूनंतर पुनर्विवाह केलेल्या एका आईचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. आंध्र प्रदेशाच्या उच्च न्यायालयाने मुलाला पहिल्या पित्याचे आडनाव परत द्यावे आणि कागदपत्रांत दुसऱ्या पतीस ‘सावत्र पिता’ म्हणून दाखवावे, असा आदेश दिला होता. २८ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मुलाचे आडनाव ठरविण्याचा हक्क नैसर्गिक पालक म्हणून आईचा आहे, आणि सावत्रपणाचा असा उल्लेख मुलाच्या मनावर आघात करणारा ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रात तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात पित्याच्या नावाआधी आईचे नाव येते.

कायदा अठरा वर्षांखालील मुलास ‘अज्ञान’ म्हणतो. शब्द जुना आहे, पण थोडा अन्यायकारक. कतारगामच्या शाळेत जाणारा दहा वर्षांचा मुलगा रोज हजेरीला एका नावाने ‘हजर’ म्हणतो, घरी दुसऱ्या हाकेला ओ देतो. प्रतिज्ञापत्रावर सही आईबापांचीच होणार. तत्पूर्वी या मुलाला एकवार विचारले, तर कायद्याची त्याला आडकाठी नाही.